नऊ महिने ऐकल्यानंतर: ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’

सुरुवातीलाच कबूल करते, पहिला महिनाभर हा अल्बम मी चुकीच्या पद्धतीनं ऐकला. ज्या अ‍ॅपवर ऐकत होते तिथं गाणी उलटसुलट क्रमानं वाजण्याची सोय आपोआप सुरू होती आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. त्यात गाण्याच्या शेवटी शाळेच्या वर्गातला संवाद लागला की मी सरळ पुढचं गाणं लावायचे. त्यामुळे माझं मत असं झालं, की आवाज अप्रतिम आहे, चार-पाच गाणी फार सुंदर आहेत, पण अल्बमला स्वतःचा असा चेहरा नाही. एक गाणं रॅप, म्हणजे ठेक्यावर झरझर बोललेलं, दुसरं सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भावभरली गायकी, मध्येच जमैकाचं रेगे, मध्येच चर्चमधलं गॉस्पेल. सगळ्यांना काहीतरी मिळावं म्हणून सगळंच घातलंय, असं मी दोन-तीन जणांना ठासून सांगितलंही होतं. ते मत आता पूर्ण मागे घेते आहे, आणि का, ते सविस्तर सांगायचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉरिन हिल ही अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंजची. वाय्क्लेफ जाँ आणि प्राझ यांच्याबरोबरच्या ‘फ्युजीज’ या त्रिकुटातून ती पुढे आली. त्यांचा ‘द स्कोअर’ १९९६ मध्ये आला आणि जगभर गाजला. त्यानंतर ऑगस्ट १९९८ मध्ये हा तिचा एकटीचा पहिला अल्बम निघाला. तेव्हा ती २३ वर्षांची होती. पुढच्या वर्षी ग्रॅमीमध्ये १० नामांकनं आणि ५ पुरस्कार मिळाले. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळवणारा हा हिप हॉपमधला, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे त्या संगीतातला, पहिला अल्बम. नावामागे इतिहासकार कार्टर वुडसन यांचं १९३३ चं ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो’ हे पुस्तक आहे. कृष्णवर्णीय मुलांना शाळा काय शिकवते आणि काय शिकवायचं टाळते, हा त्या पुस्तकाचा विषय. हिलनं तो शब्द घेतला आणि प्रेमाच्या शिक्षणाला लावला.

दुसऱ्या महिन्यात एका रात्री हेडफोन लावून, क्रम नीट करून, पहिल्यापासून ऐकायला बसले. शाळेची घंटा वाजते. शिक्षक हजेरी घेतात. एकेक नाव पुकारलं जातं, मुलं ‘हजर’ म्हणतात. मग लॉरिन हिलचं नाव येतं आणि कोणी उत्तर देत नाही. पुन्हा पुकारतात. पुन्हा शांतता. आणि त्या शांततेतून थेट ‘लॉस्ट वन्स’चा ढोल अंगावर येतो.

‘लॉस्ट वन्स’ आणि त्यानंतरचं ‘एक्स-फॅक्टर’, ही जोडी मी या नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त ऐकली असेल. माझं सगळं म्हणणं या दोन गाण्यांत आहे. ‘लॉस्ट वन्स’मध्ये साज जवळजवळ नाहीच. कोरडा, जड ठेका आणि त्यावर जमैकन ढंगाची चढी जीभ. हिशेब चुकता करायला आलेल्या माणसाचं बोलणं. शब्द इतके नेमके बसतात की समोरच्याला तोंड उघडायला जागा राहत नाही. गाणं संपतं तेव्हा भांडण ती जिंकलेली असते.

आणि लगेच ‘एक्स-फॅक्टर’. तीच बाई, तेच दुखणं, पण आता रॅपचा एक शब्द नाही. ती गाते आहे, आणि गाताना हरते आहे. बोलून जे सिद्ध केलं ते मनाला पटलेलं नाही, हे तिच्या आवाजात ऐकू येतं. गाण्याच्या उत्तरार्धात मागचे आवाज एकच विनवणी पुन्हा पुन्हा करत राहतात आणि शेवटी तीही थांबते, पुढचं गिटारवर सोपवते. उलटसुलट ऐकत होते तेव्हा ही मला दोन वेगळ्या प्रकारची दोन गाणी वाटली होती. एकापाठोपाठ ऐकल्यावर कळलं की इथं प्रकार उगाच बदलत नाही. जिथपर्यंत वाद घालता येतो तिथपर्यंत ती रॅप करते. वाद तोकडा पडला की गाते.

एकदा हे कानात बसलं की बाकीचा अल्बम वेगळाच उलगडायला लागतो. ‘टू झायन’मध्ये रॅप का नाही? कारण तिथं वाद आधीच संपला आहे. पहिलं मूल होणार होतं तेव्हा करिअरचा विचार कर, असं सांगणारी माणसं भोवती होती, हे ती गाण्यातच सांगते. पण गाणं त्या माणसांना उत्तर देत बसत नाही. लष्करी संचलनासारखा स्नेअर ड्रम, कार्लोस सँटानाची गिटार, आणि शेवटाकडे वृंदगान भरत भरत जातं. याउलट ‘डू वॉप (दॅट थिंग)’मध्ये तिला समज द्यायची आहे, पहिल्या कडव्यात मुलींना, दुसऱ्यात मुलग्यांना. तिथं कडवी रॅपची आणि धृपद गायचं, जुन्या डू-वॉप, म्हणजे सूर जुळवून एकत्र गाणाऱ्या गटांच्या वळणाचं, पियानो आणि ब्रास वाद्यांसकट. ओरडा बसतो आणि त्याच दमात आपण गुणगुणायलाही लागतो. हे गाणं अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालं होतं यात मला काही नवल वाटत नाही.

वर्गातल्या संवादांबद्दल मात्र मला स्वतंत्र सांगायचं आहे, कारण बहुतेक श्रोत्यांची तक्रार तिथंच असते. शिक्षकाचा आवाज रास बराका यांचा आहे. ते तेव्हा खरोखरच शिक्षक होते, आणि २०१४ मध्ये नेवार्क शहराचे महापौर झाले. ते मुलांना प्रेमाबद्दल विचारतात. मुलं लाजतात, एकमेकांना टोमणे मारतात, आणि मध्येच एखादं पोर असं काही बोलून जातं की वर्ग क्षणभर थबकतो. पहिल्या महिन्यात हे सगळं मला भरताड वाटलं होतं. आता वाटतं, गाण्यांना लागलेली धग या संवादांमुळे थोडी निवते. एका गाण्यातून सरळ पुढच्या गाण्यात ढकललं तर मला ते झेपत नाही, चार श्वास हवे असतात. शिवाय या वर्गात एक जण गैरहजर आहे हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं. मुलं जे वर्गात शिकतायत ते ती बाहेर, ठेचा खात शिकते आहे. संवाद गाळून ऐकलं तर हे सुटून जातं.

आवाजाबद्दल. मी तीन प्रकारे ऐकलं: फोनच्या स्पीकरवर, साध्या हेडफोनवर, आणि एका मैत्रिणीकडे चांगल्या मोठ्या स्पीकरवर. फोनवर हा अल्बम अर्धाच पोचतो. बास खाली राहून गाणी उचलून धरतो, तो गेला की ‘फरगिव्ह देम फादर’सारखं रेगेचं अंग असलेलं गाणं पातळ होतं. रेकॉर्डिंगचा काही भाग किंग्स्टनच्या टफ गाँग स्टुडिओत झाला आहे, बॉब मार्लेच्या वारशातला तो स्टुडिओ, आणि तो बास तिथला वाटतो. हिलच्या आवाजातली खरखर, श्वास, क्वचित काठावरून घसरलेला सूर, हे सगळं तसंच ठेवलेलं आहे. ‘व्हेन इट हर्ट्स सो बॅड’ रात्री हेडफोनवर ऐका, ती अगदी खांद्याशी बसून गाते आहे असं वाटतं.

या महिन्यांत हा अल्बम मी ओळखीच्या बऱ्याच जणांना ऐकायला लावला. मतं फार वेगवेगळी आली. एका मैत्रिणीला रॅप अजिबात चालत नाही; तिनं ‘नथिंग ईव्हन मॅटर्स’ आणि ‘एक्स-फॅक्टर’ ठेवलं, बाकी सोडून दिलं. माझा आत्तेभाऊ नेमका उलट. तो गेली दहा वर्षं कडक रॅपच ऐकतो. त्याच्या मते यात हिप हॉपची गाणी दोनच, ‘लॉस्ट वन्स’ आणि ‘फायनल अवर’. बाकी सगळं चांगलं गायलेलं सोल आहे आणि लोक उगाच त्याला हिप हॉप म्हणतात. मी त्याच्याशी पुष्कळ वाद घातला. माझं म्हणणं असं, की गायलेल्या गाण्यांची हाडंसुद्धा हिप हॉपची आहेत. ‘एक्स-फॅक्टर’ वू-टँग क्लॅन या रॅप गटाच्या एका जुन्या गाण्याच्या पायावर उभं आहे, ‘सुपरस्टार’मध्ये डोअर्स या रॉक बँडच्या गाण्याची ओळ वळवून घेतली आहे. जुनं उचलून त्यातून आपलं बोलणं घडवायचं, ही हिप हॉपचीच रीत. त्याला ते पटलं नाही.

तिसरी तक्रार एका सहकारी बाईंची, आणि ती मला सगळ्यात वजनदार वाटते. त्या म्हणाल्या, ही फार उपदेश करते. खरं आहे. ‘डू वॉप’मध्ये मुलींच्या केसांवर, नखांवर जे बोलते ते आज ऐकताना मलाही टोचतं. ‘सुपरस्टार’मध्ये इतरांचं संगीत कसं पोकळ झालंय हे सांगताना ती स्वतः उंचावर उभी राहते. ते गाणं मी आता फारसं लावत नाही. पण अल्बम पूर्ण ऐकला की एक गोष्ट जाणवते: शेवटच्या, अल्बमच्याच नावाच्या गाण्यात हा उपदेशाचा सूर उरतच नाही. तिथं ती स्वतःलाच शोधते आहे, आणि उत्तर आतच होतं असं हळू आवाजात सांगते.

लांबीही आहेच. शेवटी यादीत न दाखवता लपवलेली दोन गाणी धरून ७७ मिनिटं. एका बैठकीत ऐकायचं तर वेळ काढावा लागतो, आणि ‘आय यूज्ड टू लव्ह हिम’च्या आसपास माझं लक्ष अजूनही सैल होतं, मेरी जे. ब्लाइजसारखी गायिका सोबत असूनही. एक गाणं सोडून पुढे ‘एव्हरी घेटो, एव्हरी सिटी’ येतं आणि सावरून घेतं. लहानपणीच्या रस्त्यांची, खेळांची, माणसांची नावं घेत जाणारं ते फंक, म्हणजे नाचऱ्या ठेक्याचं गाणं स्वयंपाक करताना लावते, हात आपोआप झपाझप चालतात. ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’मध्ये पियानोवर पुढे गायक म्हणून गाजलेला जॉन लेजंड आहे, तेव्हा तो कॉलेजात शिकत होता आणि जॉन स्टीव्हन्स याच नावानं ओळखला जायचा. हे कळल्यापासून त्या गाण्यात माझा कान आधी पियानोकडे जातो.

वाजवणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. या अल्बमवर काम केलेल्या ‘न्यू आर्क’ या संगीतकारांच्या गटानं गीतलेखन आणि निर्मितीचं पुरेसं श्रेय मिळालं नाही म्हणून १९९८ मध्येच दावा लावला. २००१ मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण एका मुलीनं एकटीनं घडवलं ही कल्पना मला आवडत होती. आता ऐकताना मी दोन्ही धरून चालते. हा आवाज, हे बोलणं, ही दिशा तिचीच आहे, ती दुसरं कोणी देऊ शकलं नसतं. आणि खोलीत इतर हातही होते, त्यांची नावं मोठ्या अक्षरात असायला हवी होती. तिचा दुसरा स्टुडिओ अल्बम आजवर आलेला नाही. २००२ चा ‘अनप्लग्ड’ हे प्रत्यक्ष कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, तेही एकटी आणि गिटार.

‘नथिंग ईव्हन मॅटर्स’ हे युगुलगीत सोल गायक डी’अँजेलोबरोबरचं. दोन आवाज एकमेकांवर चढत नाहीत, शेजारी शेजारी चालतात, मागे मऊ कीबोर्ड आणि चुटक्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये डी’अँजेलो गेला, वयाच्या ५१ व्या वर्षी. आता त्या गाण्यात त्याचा आवाज लागला की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

परवा आत्तेभाऊ घरी आला होता. मी म्हटलं, एकदाच माझ्या पद्धतीनं ऐक. घंटेपासून सुरुवात केली. हजेरी झाली, ‘लॉस्ट वन्स’ला तो नेहमीसारखा मान हलवत होता. ते संपताच फोनकडे हात गेला. त्याच्या यादीत पुढचं गाणं ‘फायनल अवर’ असतं. मी फोन माझ्याकडे ओढून घेतला. ‘एक्स-फॅक्टर’ सुरू झालं. पहिली दोन मिनिटं तो खिडकीबाहेर बघत होता. मागचे आवाज विनवणीवर आले तेव्हा गप्प झाला. गिटार सुरू झाली तसा वळून म्हणाला, “ताई, हे शेवटी असं होतं? मी इथपर्यंत कधी येऊच दिलं नव्हतं.” पुढे वर्गातला संवाद लागला, आणि या वेळी त्यानं फोन मागितला नाही.