‘रेन अँड मार्टिन’मधील सर्वनामे: मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने

इंग्रजी व्याकरणाचे एकच पुस्तक घ्यायचे झाले तर कोणते घ्यावे, असे पालक विचारतात तेव्हा बहुतेक शिक्षकांच्या तोंडी ‘रेन अँड मार्टिन’ हेच नाव येते. पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचे हे ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ 1935 साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि आज एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी सुधारलेल्या आवृत्तीच्या रूपात एस. चंद यांच्याकडून मिळते. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते. मात्र हे पुस्तक मुख्यतः भारतात राहणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी, म्हणजे इंग्रजी ऐकतच वाढलेल्या मुलांसाठी लिहिले गेले, आणि सर्वनामांची प्रकरणे वाचताना ही गोष्ट पदोपदी जाणवते.

मराठी व्याकरणात आपण पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, अनिश्चित आणि आत्मवाचक अशी सहा प्रकारची सर्वनामे शिकतो, त्यामुळे या पुस्तकातील बहुतेक वर्गीकरण ओळखीचे वाटते. ‘ईच’, ‘आयदर’, ‘नायदर’ यांचा वेगळा गट मराठीत नसला तरी त्यामागचे एकवचनाचे तत्त्व ‘प्रत्येक’ या शब्दामुळे मुलांना लगेच पटते. पुरुषवाचक सर्वनामांची रूपे तक्त्यात नीट मांडली आहेत, ‘माय’ आणि ‘माइन’ यांतील फरक स्पष्ट केला आहे, आणि ‘इट’चे पाऊस, वेळ, अंतर अशा संदर्भांतील उपयोग भरपूर वाक्यांनिशी दाखवले आहेत.

उणीव जाणवते ती आदरार्थी बहुवचनाच्या ठिकाणी. ‘बाबा आले, ते दमले होते’ असे घरी बोलणारा मुलगा वडिलांविषयी लिहिताना ‘ही’च्या जागी ‘दे’ लिहितो, आणि लाल शाईने खोडले तरी पुढच्या निबंधात पुन्हा तेच लिहितो, कारण वडिलांना एकवचनी सर्वनाम वापरणे त्याला मनातून उद्धटपणाचे वाटते. इंग्रजीत आदर सर्वनामाच्या वचनातून व्यक्त होत नाही, हे एक वाक्य त्याला कोणीतरी सांगायला हवे. या पुस्तकाच्या मूळ वाचकाला ते सांगण्याची गरजच नव्हती.

आत्मवाचक आणि जोर देणाऱ्या सर्वनामांचे प्रकरण छोटे असले तरी उत्तम आहे. ‘आय हर्ट मायसेल्फ’ आणि ‘आय मायसेल्फ सॉ इट’ या दोन्ही वाक्यांत मराठी मुलाला फक्त ‘स्वतः’ दिसतो. अशा वेळी शिक्षकाने ते सर्वनाम काढून वाक्य वाचायला सांगावे: दुसरे वाक्य तसेच उभे राहते, पहिल्यातील कर्मच नाहीसे होते. एवढे दाखवले की पुस्तकातील सराव मुले जवळजवळ बिनचूक सोडवतात. ‘आम्ही सहलीत एन्जॉय केले’ या आपल्या रोजच्या बोलण्यामुळे पुढचे ‘अवरसेल्व्ज’ न लावता ‘वुई एन्जॉइड’ म्हणून थांबण्याची जी सवय जडते, तिच्यावरही हाच सराव उपयोगी पडतो.

माझ्या मते या पुस्तकाचे खरे मोल संबंधी सर्वनामांच्या प्रकरणात आहे. व्यक्तींसाठी ‘हू’, वस्तूंसाठी ‘व्हिच’, ‘ऑल’ किंवा ‘ओन्ली’ अशा शब्दांनंतर ‘दॅट’, आणि संबंधी सर्वनाम ज्या नामासाठी आले त्याच्या शक्य तितके जवळ ठेवावे, हे नियम इतक्या नेटकेपणाने मांडलेले क्वचितच सापडतात. तरीही मराठी विद्यार्थी येथेच अडखळतो. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे’ या जोड-रचनेच्या वळणाने तो ‘द बॉय हू केम येस्टरडे, ही इज माय ब्रदर’ असे लिहितो आणि त्यातील ‘ही’ अनावश्यक आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. शिवाय सहज बोलताना आपण ‘काल आलेला मुलगा’ असे म्हणतो, संबंधी सर्वनाम वापरतच नाही. म्हणून पुष्कळ मुले इंग्रजीतही ‘हू’चे वाक्य टाळतात आणि दोन तुटक वाक्यांवर भागवतात. या पुस्तकातील दोन वाक्यांचे एक करण्याचे स्वाध्याय नेमके त्यावरचे औषध आहेत. ते लिहूनच सोडवावेत, कारण तोंडी सोडवल्यास तो जादा ‘ही’ कोणाच्या कानाला खटकत नाही.

‘एव्हरीवन’साठी पूर्वी ‘हिज’ वापरण्याचा प्रघात होता. सुधारित आवृत्तीत आता ‘देअर’ अधिक प्रचलित असल्याची नोंद आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पण औपचारिक लेखनाचा अपवाद सांगून तो विषय तिथेच सोडला आहे. आज वृत्तपत्रांत आणि कार्यालयीन पत्रांत हा प्रयोग सर्रास दिसत असताना त्यावर सरावाची वाक्ये हवी होती.

आठवी-नववीच्या मुलाच्या हाती हे पुस्तक एकट्याने वाचण्यासाठी देऊ नये. व्याख्या इंग्रजीत असल्याने तो पाठांतराकडे वळतो. दहावीनंतर, विशेषतः स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी मात्र ते अवश्य घ्यावे. उत्तरांचे पुस्तक स्वतंत्र मिळते. घरी अभ्यास करणाऱ्याने तेही सोबत घ्यावे, आणि विकत घेताना सुधारित आवृत्तीच आहे ना हे पाहून घ्यावे, कारण जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आधीच्या आवृत्त्याही मिळतात.