जर्मनीत ‘मीटर तपासायला’ येणाऱ्यांपासून सावधान

जर्मनीत नव्याने आलेल्यांनी, त्यातही दिवसा घरी एकट्या असणाऱ्यांनी, हे जरूर वाचा.

श्टुटगार्टला आमच्या दारात गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात टॅब घेऊन एक जण आला. बिल्डिंगचे मीटर तपासतोय, तुमची नोंद अर्धवट आहे, आज पूर्ण केली नाही तर वीज बंद होईल, असं तो अस्खलित इंग्रजीत म्हणाला. (इथल्या सरकारी कचेरीत इंग्रजी बोलणारा भेटायला नशीब लागतं, हा घरपोच आला होता.) बायकोकडून जुनं बिल घेऊन त्याने मीटर नंबरचा फोटो काढला, ‘जादा भरलेले पैसे परत करायला’ आयबॅन, म्हणजे बँक खात्याचा नंबर, घेतला आणि ‘मी येऊन गेल्याची पोच’ म्हणून टॅबवर बोटाने सही घेतली.

थोड्याच दिवसांत दोन पत्रं आली. एक आमच्या वीज कंपनीचं, करार संपल्याचं. दुसरं भलत्याच कंपनीचं, स्वागताचं. महिन्याचा हप्ता ६८ युरोंवरून थेट ९७.

आपल्याकडे बहुतेक गावांत तारा महावितरणच्या आणि बिलही महावितरणचंच. इथे तारा एकाच्या, वीज विकणारा दुसरा. नाव, पत्ता आणि मीटर नंबर हाती आला की नवी कंपनी तुमच्या वतीने जुना करार मोडायला घेऊ शकते. बऱ्याच इमारतींत मीटर तळघरात असतात, म्हणजे नंबर मिळवणंही फार अवघड नाही.

वीज बंद होण्याची भीती तर निव्वळ थाप. नव्या घरात पहिला दिवा लावला की त्या भागातल्या मूळ पुरवठादाराशी, ग्रुंडफरझॉर्गरशी, आपोआप करार होतो. विकणारी कंपनी बुडाली तरी तो वीज देतोच. दर बहुधा चढा असतो, पण घरात अंधार होत नाही. खरा मीटर वाचणारा आकडा टिपतो आणि जातो. त्याला ना बिल लागतं, ना आयबॅन.

सही झालीच असेल तर विडररुफ करा, म्हणजे करार मागे घ्या. दारात केलेल्या करारासाठी १४ दिवस मिळतात, कारण द्यावं लागत नाही. पण हे दिवस सहीपासून मोजतात, आणि पत्र येईपर्यंत त्यातले बरेच उडालेले असतात. मात्र या हक्काची माहितीच दिली नसेल, तर मुदत आणखी १२ महिने वाढते. आम्हाला तसा कागद मिळालाच नव्हता. ही गोष्ट फरब्राउखरत्सेन्ट्रालेच्या, म्हणजे ग्राहक केंद्राच्या, सल्लागार बाईंनी नेमकी हेरली. फोनवर बोलून सोडू नका, पुरावा राहत नाही. आम्ही ईमेल केला, शिवाय रजिस्टर पत्र टाकलं, आणि जुन्या कंपनीलाही कळवलं. खात्यातून थेट कापलेले पैसे ८ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून परत फिरवता येतात, तेही केलं.

कंपनी आधी ‘तुमच्या पत्नीला सगळं समजावलं होतं’ म्हणत राहिली. तक्रारीवर ४ आठवड्यांत तोडगा निघाला नाही, तर बर्लिनच्या श्लिख्टुंग्सश्टेले एनेर्गीकडे, म्हणजे ग्राहक आणि वीज कंपनीतले वाद मिटवणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं. ग्राहकाला तिथे फी नाही. तिकडे जातो असं लेखी कळवल्यावर करार रद्द झाला.

जुन्या कंपनीने परत घेतलं, पण आमचा प्लॅन आता बंद झाला म्हणे. नव्या दराने महिन्याला सात युरो जास्त जातात, ते कोणीच भरून दिले नाहीत.