घोटीचं भाताचं तूस: ब्रॉयलरच्या गादीला कसं आहे?

नाशिक, निफाड, दिंडोरीकडे ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर पसरायच्या गादीसाठी सहज मिळणारे माल दोन: घोटी-इगतपुरीच्या राइस मिलचं तूस आणि वखारीतला लाकडाचा भुसा. पक्ष्याच्या तळपायाकडे पाहून निवडायचं तर आमची पसंती तुसाला. पाचपैकी चार गुण.

तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे ते पाणी फारसं पीत नाही, भिजलं तरी मोकळं राहतं आणि वारा लागला की सुकतं. भुसा पाणी पितो आणि धरूनही ठेवतो; विष्ठेबरोबर थापला गेला की त्याची पोळी होते. त्या पोळीवर पक्षी दिवसरात्र उभा. ओलीने तळव्याची कातडी मऊ पडते, विष्ठेतला अमोनिया ती जाळतो. आधी तपकिरी डाग, मग काळी खपली. पाय दुखला की पक्षी बसून राहतो, दाण्याकडे कमी जातो, वजन मागे पडतं. जखमेतून जंतू शिरले तर सांधे सुजतात. फर्निचर कारखान्यातला भुसा तर घेऊच नका, त्यात प्लायवूडचा डिंक आणि रसायनं येतात.

एक गुण कापला तो निपलखालच्या, म्हणजे पक्षी चोचीने पाणी पितात त्या तोट्यांखालच्या पट्ट्यासाठी. तूस शोषत नाही म्हणून गळती थेट तळाशी उतरते: वर कोरडं, खाली चिखल. तिथे रोज हात घालून पाहा. निपल पहिल्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवर. पुढे पाय पूर्ण टेकवून, मान वर ताणून पिता येईल इतकं. दाब जास्त ठेवला तर पाणी सांडणारच.

जाडी 3 इंच, पक्ष्याला निदान 1 चौरस फूट जागा. 1000 चौरस फुटांना साधारण 700 ते 850 किलो तूस लागतं. गादीतला ओलावा 20 ते 25 टक्के चांगला. 30 च्या वर गेला की पाय बिघडू लागतात. विष्ठा मिसळलेली गादी मुठीत दाबा: गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त, हलकेच फुटला तर ठीक. रोज खालीवर हलवा. ओला भाग फावड्याने काढून कोरडं तूस टाका. पक्षी आत असताना त्यावर चुना मारू नका, त्याने अमोनिया आणखी उसळतो.

निफाडच्या थंडीत पडदे रात्रभर घट्ट बांधले जातात आणि सगळी वाफ गादीत मुरते. पिल्लांना झोत लागू नये हे खरंच, पण वरून वीतभर फट ठेवाच.

खरेदी करताना तुसात कोंडा मिसळलेला नाही ना, ते पाहा. कोंडा पिल्लं खातात, शिवाय त्याने गादी थापली जाते. पावसाळ्याचा साठा मे अखेरपर्यंत भरून झाकून ठेवा. पोत्यात हात घातल्यावर गरम लागलं किंवा कुबट वास आला तर माल परत करा. ती बुरशी पिल्लांच्या फुफ्फुसांत जाते.