रावेला जाताना मनाची तयारी : आमच्या कॉलेजच्या समुपदेशन सोयीचा रिव्ह्यू, एका कृषिकन्येकडून

रावे, म्हणजे बीएस्सी ॲग्रीचा गावात राहून करायचा कार्यानुभव, संपून दोन महिने झाले, फाईल जमा झाली, व्हायवा झाला, आणि आता ज्युनियर पोरींचे रोज मेसेज येतात की ताई गाव कोणतं घेऊ, रूम कशी मिळते, पाण्याचं काय, चार्ट कुठं प्रिंट करायचे. एकीनं पण असं विचारलं नाही की ताई तिथं लोकांचं दुःख ऐकून रात्री झोप नाही लागली तर काय करायचं. मी पण जायच्या आधी कोणाला विचारलं नव्हतं. म्हणून हा रिव्ह्यू गावाचा नाही, कॉलेजनं रावेच्या मुलांसाठी जी समुपदेशनाची सोय केली होती तिचा आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण काही गोष्टी खटकल्या त्या पण लिहायच्या आहेत. पाचपैकी साडेतीन देते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षी हा २० आठवड्यांचा कार्यक्रम असतो. १ आठवडा कॉलेजमध्ये ओरिएंटेशन, ८ आठवडे गावात, ५ आठवडे कृषी विज्ञान केंद्र नाहीतर संशोधन केंद्रावर, २ प्लांट क्लिनिकला, ३ कृषी उद्योगात आणि शेवटचा १ रिपोर्ट न् प्रेझेंटेशनचा. गावात गेलं की मुलगी कृषिकन्या आणि मुलगा कृषिदूत. माती नमुना, बीजप्रक्रिया, कीड पकडायचे कामगंध सापळे, ग्रामपंचायतीसमोर रांगोळीनं गावाचा नकाशा, आणि घरोघरी सर्व्हे. आमचा सहा जणींचा ग्रुप होता, यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातलं एक गाव मिळालं, जुलैची सुरुवात, पाऊस मधेच दडी मारून बसल्यानं बऱ्याच जणांची पेरणी मोडली होती आणि दुबार पेरणी चालू होती. म्हणजे आम्ही ट्रायकोडर्माची, बियाण्याला चोळायच्या उपयोगी बुरशीची, पाकिटं घेऊन बीजप्रक्रिया सांगतोय आणि समोरचा माणूस दुसऱ्यांदा उसनवारीनं आणलेल्या बियाण्याकडं बघतोय, अशा वेळी आम्ही त्या गावात उतरलो.

आता सोय काय होती ते सांगते. ओरिएंटेशनच्या आठवड्यात एक शुक्रवार, अकरा ते चार, एक समुपदेशक मॅडम आल्या. एमएसडब्ल्यू झालेल्या, आधी बरीच वर्षं खेड्यात काम केलेलं. नंतर गावात असताना दर शनिवारी तासभर सगळ्यांनी एकत्र बसायचं, मॅडम एसटीनं यायच्या, झेडपी शाळेच्या वऱ्हांड्यात बसायचो. आणि मधल्या दिवसांत फोन करायला त्यांचा नंबर. पैसे काही नाही.

शुक्रवारचा पहिला तास खरं सांगते वाया गेला. स्ट्रेस मॅनेजमेंटचा पीपीटी, सगळा इंग्रजीत, वेळेचं नियोजन करा, प्राणायाम करा. मागच्या बाकावरची पोरं मोबाईल काढून बसली. मग मॅडमनीच लॅपटॉप बंद केला आणि म्हणाल्या, चला, आता तुमच्यातली एक जण शेतकऱ्याची बायको व्हा आणि एक कृषिकन्या, फॉर्म हातात घ्या आणि सर्व्हे करा. त्यानंतरचे तीन तास मी विसरणार नाही. बायको झालेली मुलगी, तिचंच काहीतरी आत होतं बहुतेक, ती मधेच खरी रडायला लागली आणि कृषिकन्या झालेली पटापट पुढचे प्रश्न विचारत सुटली, कारण रडणाऱ्या माणसापुढं काय करायचं हे चार वर्षांत कोणी शिकवलंच नव्हतं. मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, पेन खाली ठेव. फॉर्म उलटा कर. काही बोलू नको, बसून राहा.

त्या दिवशी अजून जे सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहिते. सर्व्हेला एकटीनं जायचं नाही, दोघी जायचं. "मला समजतं" असं म्हणायचं नाही, कारण आपल्याला समजत नसतं. "मी तुम्हाला सरकारकडून मिळवून देते" असं वचन तर चुकूनही द्यायचं नाही. गावातल्या आशाताईंशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यायची, कारण आपण दोन महिन्यांनी निघून जाणार, त्या तिथंच असणार. संध्याकाळी डायरी लिहायच्या आधी दहा मिनिटं एकमेकींना दिवस सांगायचा. आणि आपण कोणत्या तारखेला जाणार हे होस्ट काका-काकूंना, गल्लीतल्या लेकरांना पहिल्या दिवसापासून सांगत राहायचं. ही शेवटची गोष्ट तेव्हा मला फालतू वाटली होती, नंतर तीच सगळ्यात जास्त कामी आली.

तिसऱ्या आठवड्यात झडी लागली होती, शेतात कोणी नाही, म्हणून आम्ही दोघी सर्व्हेला निघालो. गावाच्या टोकाला एक घर, समोर टिनाचा मांडव, त्याखाली एक बकरी बांधलेली. काकूंनी पोतं टाकून बसवलं. फॉर्मवर पहिलाच रकाना, कुटुंबप्रमुखाचं नाव. काकू काही बोलेनात, लाजल्यासारख्या खाली बघत राहिल्या, मला वाटलं ऐकू नाही आलं म्हणून मी परत विचारलं. तर चुलीपाशी बसलेली त्यांची पोरगी, असेल दहाएक वर्षांची, ती म्हणाली, "माय बाबाचं नाव घेत नाई, मी सांगतो," आणि तिनं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. मी लिहून घेतलं. मग काकू हळूच म्हणाल्या, "ते नाईत आता. दोन वर्सं झाले."

नाव तर लिहून झालेलं. खोडावं की ठेवावं कळेना. पुढचा रकाना होता कर्ज, बँक, सावकार की इतर. माझ्या हाताला अक्षरशः घाम फुटला आणि कानात मॅडमचं ते एकच वाक्य, पेन खाली ठेव. ठेवलं. फॉर्म उलटा केला. बराच वेळ टिनावर पाऊस वाजत होता तेवढाच आवाज. मग त्या आपणहून बोलायला लागल्या, कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचं होतं म्हणून प्रकरण अपात्र झालं. आमच्या भागात हा शब्द लहान लेकरांना पण माहीत आहे, पात्र आणि अपात्र. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणं शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं तर घरच्यांना १ लाख मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, आणि अपात्र ठरलं तर माणूस जाऊनही कागदावर तो त्या कारणानं गेलेलाच नसतो. उठताना काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू काऊन रडतं वं माय, चहा पिऊन जाय."

हे एवढं सविस्तर सांगतेय कारण आमच्यातल्या निम्म्या जणी शेतकऱ्यांच्याच पोरी आहेत. माझ्या बाबांचं पण पीककर्ज थकलेलं आहे, आमची पण पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बोंडअळीनं गेलेली. शहरातून आलेल्या मुलीला गावात पहिल्यांदा दुःख दिसतं, आम्हाला आमचंच घर दिसतं. ही गोष्ट कोणत्याच रावेच्या माहितीपुस्तकात लिहिलेली नाही आणि माझ्या मते समुपदेशनाची सुरुवात इथूनच व्हायला पाहिजे.

त्या रात्री झोप लागली नाही. मॅडमना फोन करायला साडेअकराला बरं वाटेना, मग त्यांनीच दिलेल्या कार्डावरचा १४४१६ लावला. हे टेलिमानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे. गावात पाण्याच्या टाकीजवळच नेटवर्क यायचं म्हणून मैत्रीण छत्री धरून सोबत उभी. भाषा निवडली मराठी, दोनेक मिनिटांत एक ताई लाईनवर आल्या. वीस मिनिटं बोलले असेन. मी घाबरत घाबरत सांगितलं की मला त्या काकूंचं नाही, माझ्या बाबांचं टेन्शन आलंय, ते हल्ली फोनवर बोलतच नाहीत. त्या म्हणाल्या, मग बाबांनाच सरळ विचारा, जीव नकोसा होतो का, तसले विचार येतात का, विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळं करायला वाट मिळते. आणि येतात म्हणाले तर त्यांना एकटं सोडायचं नाही, हाच नंबर परत लावायचा नाहीतर जिल्हा रुग्णालयात न्यायचं. मला हे माहीतच नव्हतं, मला वाटायचं हा विषय काढलाच नाही पाहिजे. मधे एकदा फोन कटला, परत लावल्यावर दुसऱ्या ताई होत्या, सगळं थोडक्यात पुन्हा सांगावं लागलं, एवढंच. सकाळी बाबांना फोन करून विचारलं. बराच वेळ ते गप्प होते, मग म्हणाले, "नाई बापा, तसं काई नाई, पण तू इचारलं हे बरं केलं." त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो, आयुष्यात पहिल्यांदा.

आता खटकलेल्या गोष्टी.

सगळ्यात मोठी ही, की शनिवारच्या बैठकीत सांगितलेली माझी गोष्ट बाहेर गेली. पुढच्या आठवड्यात कॉलेजचे एक सर भेटीला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, घरचं टेन्शन आहे म्हणे तुला, इमोशनल होऊ नका, डेटा आणा. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. नंतर कळलं की कॉलेजनं मॅडमना जो हजेरीचा तक्ता दिला होता त्यात प्रत्येकीच्या नावापुढं "चर्चेचा विषय" असा रकाना होता आणि तो ऑफिसात जमा व्हायचा. मॅडमना मी हे सांगितल्यावर त्यांनी माफी मागितली आणि त्या दिवसापासून तो रकाना भरणं बंद केलं, पण दोन मुली त्यानंतर शेवटपर्यंत बैठकीत एक शब्द बोलल्या नाहीत. विश्वास एकदा गेला की गेला. हजेरी घ्या, नक्की घ्या, पण विषय लिहून कशाला पाहिजे कोणाला?

दुसरं मुलांचं. आमच्यापासून सात किलोमीटरवर कृषिदूतांचा ग्रुप होता, रस्ता खराब, एसटी जात नाही, म्हणून तिथं शनिवार झालेच नाहीत. मुलं काय, राहतात कशीही, असं धरून चाललेले सगळे. त्यातला एक जण तिसऱ्या आठवड्यात बॅग भरून घरी गेला आणि कामचुकार म्हणून त्याची हजेरी कापली. मला नंतर त्याच्याकडूनच कळलं की त्याला मिळालेल्या होस्टच्या घरात आत्महत्या झाली होती आणि तेच त्याच्या काकाच्या घरी झालेलं. एकानं जरी त्याला आधी विचारलं असतं की तुला गाव बदलून पाहिजे का, तर तो थांबला असता. पोरगं मनानं खूप चांगलं आहे, शेतकऱ्यांशी बोलायला आमच्यात तोच सगळ्यात पुढं होता.

तिसरं, फवारणीचं प्रात्यक्षिक. २०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर शेतकरी, शेतमजूर गेले, गावात ज्यांच्या घरचं कोणी त्या वेळी दवाखान्यात होतं ते सुरक्षा किटच्या प्रात्यक्षिकाला येऊन नुसते उभे राहतात आणि मग एकदम चिडतात. एका आजोबांनी आमच्या हातातला मास्क काढून फेकला. आम्हाला याची कल्पना कोणीच दिली नव्हती. गावाची शेतीची माहिती देता तशी गावावर काय काय येऊन गेलंय ही पण माहिती आधी द्यायला पाहिजे, ती आशाताईंकडं आणि कृषी सहायकांकडं असते, विचारलं तर सांगतात.

निघतानाचं मात्र मॅडमचं शंभर टक्के बरोबर निघालं. पोळ्यानंतर चारच दिवसांनी आम्ही निघालो. त्या टोकाच्या घरची पोरगी रोज संध्याकाळी आमच्याकडं अभ्यासाला यायची, तिला आम्ही पहिल्यापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख दाखवत आलो होतो, तीच रोज एकेक दिवस खोडायची. शेवटच्या दिवशी ती रडली, पण आम्ही न सांगता गेलो असं तिला वाटलं नाही. तिचा बाप न सांगता गेला होता, हे मला मॅडम बोलल्यावरच कळलं, माझ्या डोक्यात ते आलंच नसतं.

ज्युनियर्सनी काय करावं तर गावाची यादी भरायच्या आधीच विभागात जाऊन विचारा की यंदा शनिवार आहेत का, मुलांच्या गावाला पण आहेत का, आणि तो विषयाचा रकाना काढला का. नसेल काही तर ग्रुपनं मिळून अर्ज द्या. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं आहे की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे आणि टेलिमानससारखे नंबर होस्टेलमध्ये, वर्गात ठळक लावले पाहिजेत, तेव्हा तुम्ही उपकार मागत नाही आहात. मॅडमचे दीड पॉईंट मी कापलेले नाहीत, त्यांना माझ्याकडून पाचपैकी पाच, कापले ते कॉलेजचे.

मागच्या रविवारी मी त्या गावाला जाऊन आले, काकूंनी तुरीच्या शेंगा उकडून ठेवल्या होत्या. त्यांच्या दाराच्या मागं खडूनं नंबर लिहिलेले असतात, वायरमनचा, जनावरांच्या डॉक्टरचा, गॅसवाल्याचा. त्याच्याखाली पोरीच्या अक्षरात १४४१६ होता. मी विचारलं, लावला होता का कधी. काकू शेंगा सोलत म्हणाल्या, "दोनदा."