मोटारहोमची खरी परीक्षा परतीच्या दिवशी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, वापरात येऊन आता काही महिने लोटले आहेत. या काळात कोकण झाले, महाबळेश्वर झाले आणि नुकतीच हंपीची सहलही झाली. गाडी पाहायला येणारे लोक बिछान्याची रुंदी, ओट्याची लांबी आणि न्हाणीतला शॉवर पाहून जातात. विकणारेही तेवढेच दाखवतात. ही गाडी आपल्या घराला मानवेल की नाही, हे मात्र सहलीचा शेवटचा दिवस कसा जातो यावरून ठरवावे असे माझे मत झाले आहे, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः हंपी ते कोल्हापूर या परतीच्या प्रवासाविषयी आहे.

गाडीचा मूळ सांगाडा फोर्स ट्रॅव्हलरचा असून आतले लाकूडकाम, वीज व पाण्याची जोडणी एका खासगी कार्यशाळेने केली आहे. घरात आम्ही सहा जण: आई, अण्णा (माझे वडील), आम्ही दोघे आणि दोन मुले. चौघांना झोपायला ऐसपैस जागा होते, सहा जणांना ती कशीबशी पुरते.

परतीचा दिवस सुरू होतो तो आवराआवरीने, आणि या कामाला लागणारा वेळ कोणतेही माहितीपत्रक सांगत नाही. हॉटेल सोडताना बॅगा उचलल्या की काम संपते. इथे घरच हलवायचे असते. हंपीजवळच्या कमलापूरच्या मुक्कामी पहाटे उठूनही निघायला साडेआठ वाजले. सांडपाण्याची टाकी रिकामी करणे, शौचालयाची कॅसेट (मैला साठवणारी सुटी टाकी) काढून मुक्कामाच्या ठिकाणच्या संडासात ओतणे व धुणे, कपाटांच्या कड्या लावणे, कुकरपासून तांब्यापर्यंत प्रत्येक भांडे जागेवर घट्ट बसवणे, गॅसचा मुख्य कॉक बंद करणे, ही सगळी कामे टाळता न येणारी आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी, कायम मोकळी राहणारी जाळी असलीच पाहिजे, आणि गाडी ताब्यात घेताना सर्वांत आधी तीच पाहावी. कॅसेटमध्ये टाकायचे रसायन निवडतानाही थोडा विचार करावा, कारण फॉर्मल्डिहाइड असलेले द्रव्य सेप्टिक टाकीतल्या उपयुक्त जीवाणूंना मारक ठरते, आणि ती टाकी आपली नसून दुसऱ्याची असते. आई मात्र या आवराआवरीवर खूश होती. "घरी नेऊन आवरण्यापेक्षा इथंच आवरलेलं बरं, उद्या पुन्हा तेच कशाला," असे म्हणत तिने उरलेल्या दुधाचा चहा केला आणि फ्रिज पुसूनही घेतला.

स्वच्छ पाण्याची टाकी १२० लिटरची आहे, म्हणजे भरली की १२० किलोचा बोजा. निघताना आम्ही ती जवळजवळ रिकामी करतो आणि हात धुण्यापुरते व शौचालयापुरते पाणी ठेवतो. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर हिंदकळते आणि उंच गाडीचा तोल त्यामुळे जाणवण्याइतका बदलतो. मागच्या कपाटातले जड सामानही दोन्ही चाकांच्या जोड्यांमध्ये, शक्य तितके खाली आणून ठेवावे.

हंपी ते कोल्हापूर हे अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. होसपेट, कोप्पळ, गदग करत हुबळीला यायचे आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग ४८ ने धारवाड, बेळगाव, निपाणीमार्गे घरी. मोटारीने हे अंतर सात तासांत निघते, आम्हाला दहाहून अधिक लागले. त्यातला बराचसा वेळ आम्ही स्वखुशीने थांबण्यात घालवला, आणि या गाडीचे पैसे कुठे वसूल होतात याचे उत्तर मला तिथेच सापडले. आईला मधुमेह आहे. पूर्वी मोटारीने जाताना स्वच्छ शौचालय सापडेल की नाही या धास्तीने ती निम्मा प्रवास पाणीच पीत नसे, आणि महामार्गावर बायकांची ही अडचण किती मोठी असते हे आम्हा पुरुषांना सहसा सांगूनही कळत नाही. आता गाडी सुरक्षित जागी उभी केली की प्रश्न मिटतो. गदगच्या अलीकडे लक्कुंडीला आम्ही तासभर थांबलो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले काशीविश्वेश्वराचे देऊळ मुलांनी पाहिले, तोवर अण्णांनी गुडघा पसरून आत डुलकी काढली. जेवणाच्या वेळी दहीभात, शेंगदाण्याची चटणी आणि ओट्यावर केलेली गरम पोळी होती. बाहेरच्या जेवणाचे पैसे वाचले हा मुद्दा गौण आहे. अण्णांना पथ्याचे जेवण वेळेवर मिळाले, हे मोलाचे.

एक गोष्ट कार्यशाळेच्या सांगण्याच्या विरुद्ध जाऊन सांगतो. धावत्या गाडीत बिछान्यावर झोपता येते असे आम्हाला ऐकवले गेले होते. आम्ही ते कधीही होऊ देत नाही. गाडी चालू असताना प्रत्येक जण पट्टा लावून आसनावरच बसतो आणि ओट्यावर काहीही शिजत नाही. अचानक ब्रेक लागला तर आडवा झोपलेला माणूस कशालाही अडत नाही, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

गदगच्या परिसरात पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यावरून तिथल्या वाऱ्याची कल्पना यावी. जवळजवळ तीन मीटर उंचीच्या गाडीला आडवा वारा बाजूला ढकलतो आणि मोठा ट्रक शेजारून गेला की स्टिअरिंगवर झटका जाणवतो. ताशी सत्तरच्या पुढे जाण्यात मला शहाणपणा वाटला नाही. तवंदी घाटाच्या उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनाच्या ओढीवरच गाडी उतरवली. परवान्याविषयी अनेक जण विचारतात: साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे व्यावसायिक वाहनांच्या बाबतीतही मान्य केले आहे.

विजेबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. आमची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम अडीच युनिटांची आहे. दिवे, पंखे आणि फ्रिज यांना ती आरामात पुरते. छतावरचा एसी मात्र दीड-दोन तासांत तिला रिकामी करतो. परतीच्या दीर्घ प्रवासात इंजिनावरून चार्जिंग होत राहते, त्यामुळे घरी पोहोचताना बॅटरी भरलेली असते. पण गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर ही बॅटरी निम्मी भरलेली ठेवणे तिच्या आयुष्यासाठी चांगले.

डिझेल लिटरला नऊ किलोमीटरच्या आसपास लागते. टोलनाक्यावर आमचा फास्टॅग मिनीबसच्या गटातला असल्याने हत्तरगी काय, कोगनोळी काय, मोटारीपेक्षा जास्त पैसे कापले जातात. हा खर्च आधीच धरून चालावा.

तावडे हॉटेलच्या चौकातून कोल्हापुरात शिरलो तेव्हा रात्र झाली होती. आमची गल्ली जुन्या पेठेतली. तिथे खाली लोंबणाऱ्या तारांमुळे ही गाडी जात नाही, म्हणून कळंब्याकडे भाड्याची जागा घेतली आहे. परिणामी थकलेल्या अवस्थेत सामान उतरवून रिक्षाने घरी न्यावे लागते. दारात जागा नसलेल्यांनी हा शेवटचा टप्पा हिशेबात धरल्याशिवाय गाडी विकत घेऊ नये. वर्षातून एखादीच सहल होणार असेल तर भाड्याने घेणेच योग्य. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन (म्हणजे अशाच फिरत्या घरांच्या) पर्यटनाचे धोरण जाहीर केले खरे, परंतु पाणी भरण्याची आणि सांडपाणी सोडण्याची व्यवस्था असलेले तळ आमच्या वाटेवर अजून दिसत नाहीत. प्रत्येक मुक्कामी विनंती करूनच काम भागवावे लागते. वृद्ध आईवडील आणि मुले असलेल्या कुटुंबाला, जागेची सोय असल्यास, मी ही गाडी घ्या असेच सांगेन.

कार्यशाळेच्या कामात एक तक्रार शिल्लक आहे. छतावरच्या खिडकीभोवतीचे रबर कडेने सुटू लागले आहे आणि दुरुस्तीसाठी केलेल्या फोनला केवळ आश्वासने मिळाली. कोल्हापूरचा पाऊस पाहता थांबण्यात अर्थ नाही, त्यामुळे उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडून जुने सीलंट खरवडून नवे भरून घेणार आहे. तोवर गाडीवर ताडपत्री आहे.