बिनभुलीचं बाळंतपण आणि हातावरची हिरवी कॅन्युला

विम्याची फाईल पुरी करायला बसले आणि दवाखान्याच्या बिलात एक ओळ दिसली: 'आय.व्ही. कॅन्युला, नग २'. बाळ आता रांगायला लागलंय, टाके कधीच विरघळले, रात्रीची झोपही थोडीफार परत आलीय. तरी ती ओळ वाचून डोकं तापलं ते तापलंच. कधीपासून लिहायचा राहिलेला अनुभव आज त्या रागावरच लिहून काढतेय. एपिड्युरल, म्हणजे कळा जाणवू नयेत म्हणून पाठीच्या कण्याजवळ देतात ती भूल, म्हणजे काय, लेबर रूम कशी असते, कळांमधलं अंतर कसं मोजतात हे तुम्ही आधीच वाचून बसला असाल, ते सगळं गाळते.

आधी निकाल. कुठलंही वेदनाशामक न घेता दवाखान्यात बाळंत होता येतं. मी झाले, बाळ आणि मी दोघंही ठणठणीत आहोत. कळा सोसल्या. सोसवली नाही ती सलाईनसाठी उजव्या मनगटाच्या शिरेत घातलेली एक प्लास्टिकची नळी, म्हणजेच बिलातली ती कॅन्युला. या लेखात तिच्याबद्दल जरा जास्तच वाचावं लागेल, तयारी ठेवा.

भूल का नको होती? मला चालतं-फिरतं राहायचं होतं, आणि खरं सांगायचं तर भूलतज्ज्ञांची वेगळी फी भरायचं जिवावर आलं होतं. वेदना सोसल्या की आई थोर होते असलं काही डोक्यात नव्हतं. ज्यांना हवी त्यांनी खुशाल घ्यावी. राणी व्हिक्टोरियाने १८५३ मध्ये आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि १८५७ मध्ये नवव्या वेळी पुन्हा घेतला. म्हणजे गिऱ्हाईक खूश होतं.

सुरुवातीच्या कळा घरीच काढल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मधेमधे झोपले, दोन घास खाल्ले, दवाखान्यात न्यायची पिशवी भरलेली आहे का ते उगाच परत परत पाहिलं. कळा लांबल्या, बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं, तेव्हा निघालो. उशिरा गेल्याचा फायदा झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावर खरी प्रसूती सुरू झाली असं धरायचं, आणि तिथून पुढे दर तासाला एक सेंटीमीटर झालंच पाहिजे हा हट्ट सोडायचा. हे पाठ करून गेले होते म्हणून 'अजून तेवढंच आहे' हे ऐकून खचले नाही. तरी प्रत्येक तपासणीनंतर आकडा सांगू नका, मी विचारला तरच सांगा, असं डॉक्टरांना म्हटलं. त्यांनी ते पाळलं. यासाठी त्यांना पैकीच्या पैकी.

आता कळांबद्दल, कारण विचारणारे सगळे तेच विचारतात. दुखतं. भरपूर दुखतं. पण कळ साधारण मिनिटभराची असते आणि मग जाते, अगदी पूर्ण जाते, हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. दोन कळांच्या मधे मी नवऱ्याशी पार्किंगच्या पावतीवरून वाद घालत होते. ही मधली उसंत म्हणजे या सगळ्या प्रकारातलं सुखद आश्चर्य. ती आहे म्हणूनच हे जमतं. तेवढ्या वेळात पुढच्या कळेची काळजी करत बसलं की उसंत वाया जाते. मी काही वेळा ती वाया घालवली, आणि त्यानंतरची कळ वसुली करून गेली.

पाठीवर उताणं झोपणं सगळ्यात वाईट. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे असल्याने कळा पोटात कमी आणि माकडहाडाच्या वर जास्त यायच्या. पलंग छातीएवढा उंच करून त्यावर रेलून उभं राहिलं की बरं वाटायचं. नवरा दोन्ही तळहातांच्या टाचांनी कंबरेखालच्या हाडावर जोर द्यायचा. 'अजून दाब' म्हटलं की बिचारा सगळं वजन टाकायचा. शॉवरचं गरम पाणी पाठीवर घेतलं त्याचाही मोठा आधार. ओरडण्यापेक्षा जबडा सैल सोडून खर्जात 'आऽऽ' काढणं कामाला येतं. वरच्या पट्टीत गेलं की खांदे चढतात, मांड्या आवळतात आणि सगळं जास्त दुखतं. लाज पहिल्या अर्ध्या तासात जाते, तिची चिंता करू नका.

बाळाचे ठोके ऐकण्याबाबत माझी तक्रार नाही. पोटावर कायमचा पट्टा बांधून झोपवून ठेवतील ही धास्ती होती. दाखल होताना थोडा वेळ बांधला, मग सिस्टर हातातलं डॉपलर घेऊन यायच्या आणि मी असेन त्या अवस्थेत ठोके ऐकून जायच्या. सगळं सुरळीत असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाळ बाहेर ढकलायच्या वेळी दर ५ मिनिटांनी, प्रत्येक वेळी निदान मिनिटभर ऐकलेलं पुरतं. कळा वाढवायचं औषध सलाईनमधून चालू असेल किंवा आधीपासून काही जोखीम असेल तर मात्र पट्टा लागतो. तिथे हट्ट नको.

आता कॅन्युला.

दाखल होताच सिस्टर उजवीकडे उभ्या होत्या म्हणून त्यांनी उजवा हात घेतला. मी उजव्या हाताने सगळं करते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला ठसठशीत शीर दिसली, तिथेच टोचली. हिरवी, म्हणजे १८ गेजची. गेजचा आकडा जितका लहान तितकी नळी जाड. गुलाबी २० ची, ती बारीक. राखाडी १६ ची, ती आणखी जाड. बाळंतिणीला जाडच घालतात, कारण रक्तस्राव झाला तर सलाईन किंवा रक्त भराभर आत जायला हवं. आत सुई राहत नाही, सुई काढून घेतात, राहते ती मऊ नळी. हे सगळं कबूल. पण नळी सांध्यावर असली की मनगट वाकवलं रे वाकवलं की ती आत मुडपते आणि वरचं प्लास्टिकचं बूच हाडावर रुततं.

आणि पाठीत कळा येणाऱ्या बाईला सगळ्यात आराम कशाने पडतो? ओणवं होऊन, हात आणि गुडघ्यांवर टेकून. म्हणजे सगळं वजन मनगटांवर.

'सिस्टर, ही जरा वर घालता येईल का?'

'आता नको हो ताई, छान शीर लागलीये. मनगट तेवढं वाकवू नका.'

'मग ओणवी कशी होऊ?'

'पडून राहा की.'

पडून राहा! पुस्तकं वाचून, श्वासाचे वर्ग करून, नवऱ्याला दाबायचं शिकवून इथवर आले ते पडून राहायला? मग मी तळहाताऐवजी मुठीवर वजन घेऊन पाहिलं. बोटांची पेरं लाल झाली. उजवं कोपर टेकून डावा हात सरळ ठेवला, त्यात कंबर तिरकी झाली. शेवटी नवऱ्याने पलंगाचा डोक्याकडचा भाग उभा केला, आणि मी त्या उभ्या भागाकडे तोंड करून गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली. हे जमलं. ज्यांची कॅन्युला आधीच चुकीच्या जागी बसलीय त्यांनी हा उपाय लक्षात ठेवा, कोणी आपणहून सांगत नाही.

शेवटच्या टप्प्यात, तोंड पूर्ण उघडायच्या जरा आधी, पुष्कळ जणींचं होतं ते माझंही झालं. हुडहुडी भरली, उलटी झाली, 'मला जमणार नाही, आत्ताच्या आत्ता एपिड्युरल द्या' असं मी स्पष्ट शब्दांत म्हणाले. त्याच वेळी चिकटपट्टी सुटली, नळी निघाली आणि चादरीवर रक्ताचा ओघळ आला. माझा सगळा राग त्या चिकटपट्टीवर निघाला. दोन-तीन कळा मी नुसत्या त्या पट्टीच्या नावाने शंख करत काढल्या आणि तेवढ्यात तो टप्पा सरला. डॉक्टरांनी तपासलं तर तोंड पूर्ण उघडलेलं. एपिड्युरलचा विषय तिथेच मिटला.

दुसरी कॅन्युला एका मोठ्या सिस्टरांनी घातली. दोन कळांच्या मधे, डाव्या हाताला, कोपराच्या जरा खाली सपाट जागी. त्या म्हणाल्या, 'इथे असली की तुम्हाला हात मोकळा.' त्यांना ही नळी कशासाठी असते आणि बाईला काय करायचं असतं हे दोन्ही माहीत होतं. त्यानंतर ती नळी आहे हेच मी विसरले.

बाळ बाहेर येतानाची आग खरी आहे, ऐकलं होतं तशीच. कुशीवर वळून, सिस्टरांनी कोमट पाण्याची घडी धरून ठेवलेली, 'आता जोर नको, नुसतं फुंकत राहा' असं कोणीतरी म्हणत होतं. कात्री लावली नाही, थोडं फाटलं. नाळ लगेच कापली नाही, बाळ ओलंचिंब छातीवर ठेवलं. यावर जास्त लिहीत नाही, लिहिलं तर रडेन आणि फाईल तशीच राहील.

आता पुढचं नीट वाचा, कारण इथे माझं मत बदललं.

बाळ झाल्यावर मांडीत ऑक्सिटोसिनचं, म्हणजे पिशवी आवळायच्या औषधाचं, १० युनिटचं इंजेक्शन दिलं. ते रक्तस्राव टाळायला सगळ्यांनाच देतात, आणि मी ते नाकारलं नव्हतं. वार पडली. पण पिशवी नीट आवळेना, रक्त जात राहिलं. सिस्टर ओटीपोटावर दाबून चोळायला लागल्या. त्या चोळण्याला मी सगळ्या कळांच्या वर नंबर देते. डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं आणि पुढच्या क्षणी डाव्या हातातल्या नळीतून औषध सुरू झालं. शीर शोधायला कोणी थांबलं नाही, कारण शोधायची गरजच नव्हती. पिशवी आवळली, स्राव आटोक्यात आला.

पहिले काही आठवडे मी मैत्रिणींना 'कॅन्युलाच घालू देऊ नका' असं सांगत होते. आता तसं सांगत नाही. ५०० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की डॉक्टर त्याला जास्तीचा रक्तस्राव म्हणतात, आणि सगळं व्यवस्थित झालेल्या बाईलाही तो होऊ शकतो. नळी असू द्या. सलाईन न जोडता नुसती बूच लावून ठेवायला सांगा, म्हणजे खांब ढकलत फिरावं लागत नाही. फक्त जागा तुम्ही सांगा: ज्या हाताने लिहीत नाही तो हात, मनगट आणि कोपर यांच्या मधे, सांध्यावर नाही. पहिली सुई टोचायच्या आधी सांगा, एकदा छान शीर लागली की कोणी ऐकत नाही.

महिन्यांनंतर काय उरलंय? टाके लवकर बरे झाले. टाक्यांच्या वेळी जागा बधिर करायचं इंजेक्शन मी मागून घेतलं, पुरेसं बधिर झालं नाही तेव्हा परत मागितलं. बाळ झाल्यावर काहीही सोसून दाखवायची गरज नाही. दूध पाजताना सुरुवातीला पोटात कळा यायच्या, त्याला गोळ्या घेतल्या. पण उजव्या अंगठ्याच्या बुडाशी मुंग्या मात्र पुढे कितीतरी आठवडे येत होत्या. त्या बाजूने वरवर जाणारी एक नस असते, तिथे टोचलं की असं होतं, हे नंतरच्या तपासणीत कळलं. बाळाचं डोकं धरायचा हात तोच. म्हणजे ज्या भागाची भीती घालून लोकांनी कान किटवले तो बरा झाला, आणि ज्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता ते मनगट कुरकुरत राहिलं.

बिलाचं म्हणाल तर दवाखान्याला लिहिलं की दुसऱ्या नळीचे पैसे मला का लावले? पहिली तुम्ही सांध्यावर घातलीत म्हणून निघाली. उत्तर आलं, 'वापरलेल्या साहित्यानुसार आकारणी होते.' मी परत विचारलंय, पहिली वापरली कोणी? रक्कम किरकोळ आहे, नवरा म्हणतो सोडून दे. सोडणार नाही.

पुन्हा असंच करेन का? डॉक्टर तेच असतील आणि सगळं सुरळीत असेल तर हो. ज्यांना बारा-पंधरा तास जागून काढल्यावर भूल घ्यावीशी वाटली त्यांनी घ्यावी, मी तिथे उभी राहून नाक मुरडणार नाही. पण दवाखाना ठरवायला जाल तेव्हा खोलीचा रंग आणि खिडकी नंतर बघा. कळांमध्ये उठून फिरू देतात का, पलंगाचा डोक्याकडचा भाग पूर्ण उभा होतो का, रात्रपाळीला ठोके कोण ऐकतं, ओणवं होऊ देतात का, एवढं विचारा. आणि कॅन्युला कुठे घालता तेही विचारा. त्या प्रश्नावर समोरची व्यक्ती बहुतेक हसेल. हसू द्या, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू नका आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.