मोटर घरघरतीय: ए४९८८ ठेवू, टीएमसी२२०९ टाकू की डीएम५४२ घेऊ?

घरच्या सीएनसीची (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कटिंग मशीनची) स्टेपर मोटर थरथरली की सगळे आधी ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा बोर्ड, वरचे तिन्ही तेच) बदलायला निघतात, मीपण निघालेलो. त्याआधी हे करा. पॉवर बंद, मग मोटरचा कनेक्टर काढा (चालू असताना ओढला तर ड्रायव्हर गेलाच समजा), चारपैकी दोन-दोन वायरी टोकाला टेकवून शाफ्ट बोटानं फिरवा, ज्या दोन टेकल्यावर शाफ्ट जड लागतो ती एक कॉइल. मोटरमधल्या दोन कॉइलपैकी एक जरी तुटली असली तरी मोटर जागेवर गुरगुरते, फिरत नाय. माझ्या वाय अ‍ॅक्सिसला नेमकं तेच, एक पिन नीट दाबलेलीच नव्हती, वायर हलवली की चालायची, गँट्री (मशीनचा सरकणारा आडवा भाग) पुढं गेली की परत घरघर, आणि तोवर मी नवीन टीएमसी आणून बसलेलो!

शेजारी पॉवरलूम असेल, आपल्याकडं असतोच, तर लीडस्क्रूवरचा (मोटरनं फिरणाऱ्या आट्यांच्या दांड्यावरचा) कापूसपण पुसा, ग्रीसमधे त्याचा लगदा होतो.

वायरिंग ठीक आहे? मग बघू.

ए४९८८ स्वस्त, आणि निम्म्या वेळा त्याचा करंटच चुकीचा सेट असतो. करंट मोजणारा रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल तर १ अँपला व्हीरेफ (करंट ठरवणारा व्होल्टेज) ०.८ व्होल्ट, पण बोर्डावर ०.०५ चा असला आन् तेच ०.८ ठेवलं तर २ अँप जातात, हीटसिंक-फॅन नसेल तर तापून कट, थंड झाला की परत चालू, मोटर झटके खातीय असं वाटतं. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका.

टीएमसी२२०९ एकदम शांत. पण स्टेल्थचॉप या शांत मोडमधे स्पीड वाढला की ताकद पडते, लाकूड कापताना स्टेप चुकतात, स्प्रेडसायकल या दुसऱ्या मोडवर टाकलं तर ताकद मिळते पण शांतपणा कमी होतो, मग जास्तीचे पैसे कशाला दिले?

नेमा २३ साइजची मोठी मोटर असेल तर माझं मत सरळ डीएम५४२. २० ते ५० व्होल्ट, ४.२ अँपपर्यंत, करंट डिप स्विचनं, ३६ व्होल्टवर कॉइलमधे करंट पटकन चढतो म्हणून स्पीडलापण जोर राहतो. खर्च जास्त, वेगळा पॉवर सप्लाय लागतो, वायरिंगचा पसारा होतो, ते मान्य.

फक्त सुरू होतानाच अडखळत असेल तर काहीच घेऊ नका, जीआरबीएलमधे (सीएनसी चालवणाऱ्या फर्मवेअरमधे) $१२० ते $१२२ या अ‍ॅक्सिलरेशनच्या सेटिंग्ज कमी करून बघा.

ते टीएमसी आता पोरीच्या पेन प्लॉटरवर आहेत, रात्री चालवला तरी कुणाची झोप मोडत नाय.